कोरोना घरीच बरा झाला. तीन आठवड्यांनी जळगावात १० किलोमीटरची शर्यत आहे, धावू का?

नाही, ही शर्यत सोडा आणि हे तीन आठवडे फक्त पाय पुन्हा हलते करण्यासाठी वापरा. ताप उतरला तरी हृदयाच्या स्नायूला सूज राहिलेली असू शकते आणि तशात जोर लावला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. खरी भीती तीच आहे. म्हणून क्रीडावैद्यकातले डॉक्टर साथीत सांगत आले ते असं: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस विश्रांती आणि सलग ७ दिवस औषधाविना एकही लक्षण नको. मग १५ मिनिटं चालणं, ठोके कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत. २२० मधून वय वजा करा, त्याचे ७० टक्के. चाळिशीत मिनिटाला साधारण १२६ ठोके. ठोके मोजणारं घड्याळ नसेल तर मेहरूण तलावाकाठी चालताना सोबत्याशी न थांबता बोलता आलं पाहिजे. मगच वेळ वाढवा, वेग सगळ्यात शेवटी. आपल्याकडचं ऊन ठोके आणखी चढवतं, तेव्हा उजाडतानाच बाहेर पडा.

पुढची शर्यत निवडताना:
- धावपटूंना गटागटाने सोडणारी निवडा, गर्दी सुरुवातीच्या रेषेवरच होते
- पाण्याची बाटली स्वतःची ठेवा

छातीत दुखलं, धडधडलं, भोवळ आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. ज्यांना ऑक्सिजन लागला होता त्यांना मात्र हे वेळापत्रक लागू नाही. त्यांनी हृदयाची तपासणी झाल्याशिवाय धावूच नये.