विचारलं आणि त्या रडल्या तर?

वॉर्डातल्या सिस्टर असोत किंवा घरोघरी जाऊन सेवा देणारे कर्मचारी, घरच्या काळजीवाहकांना आधार कसा द्यावा या प्रशिक्षणात एक तक्रार हमखास येते. "पेशंटचं आम्ही बघतो. पण नातेवाइकांना काही विचारायला जावं तर ते रडायलाच लागतात, आणि आमच्याकडे पाच मिनिटंही नसतात." वेळेची तक्रार खरीच आहे. पण जरा खोदलं की तिच्या मागे दुसरंच काही दडलेलं दिसतं. एका अनुभवी सिस्टरच्या बाबतीत ते फार स्वच्छ समोर आलं, म्हणून त्यांचं उदाहरण घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि अनेक बैठकींतलं बोलणं इथे एकत्र केलं आहे.

त्यांच्या वॉर्डात पक्षाघाताचे एक रुग्ण होते. उजवी बाजू लुळी, पातळ अन्न म्हणजे फीड देण्यासाठी नाकातून नळी. घरी न्यायची वेळ जवळ आलेली. पत्नी दिवसरात्र सोबत, पण काही शिकवायला गेलं की "हो, समजलं" एवढंच म्हणायच्या.

"काकूंशी बोलणं झालं?" मी विचारलं.

"झालं ना. रडायला लागल्या. मी धीर दिला."

"नेमकं काय म्हणालात?"

"हेच, की काकू, असं करून कसं चालेल? तुम्हीच खचलात तर काकांचं कोण बघणार?"

"मग?"

"डोळे पुसले. बरं म्हणाल्या." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की बाहेर जाऊन उभ्या राहायला लागल्या."

तोच प्रसंग गटासमोर करून बघायला खुर्च्या बदलल्या. सिस्टर काकूंच्या जागी बसल्या आणि त्यांची एक सहकारी सिस्टरच्या भूमिकेत आली. सहकारीने तेच वाक्य, त्याच मायेच्या सुरात म्हटलं. सगळा गट उत्तराची वाट बघत होता. सिस्टर मांडीवरच्या रुमालाची घडी घालत राहिल्या, मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मला रडायचीही सोय नाही." आणि पुढे, स्वतःच्या आवाजात, "मॅडम, हे वाक्य मी कितीतरी जणींना ऐकवलंय."

अशा क्षणी प्रशिक्षकाला तात्पर्य सांगायचा मोह होतो, आणि हाती आलेलं तिथेच निसटतं. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना थांबवलं नसतं तर?"

"रडत राहिल्या असत्या."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? काका पहिल्यासारखे होणार नाहीत, हे मला दिसतंय. माझ्याकडे उत्तर कुठे आहे?"

"उत्तर असलंच पाहिजे, असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण सिस्टर म्हटल्यावर..." वाक्य तिथेच राहिलं.

मला हवं होतं ते इथे सापडलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मांडायला सुरुवात केली, तिचा गाभा हाच आहे: माणसाला त्याची इच्छा छळत नाही, इच्छेची त्याने केलेली सक्ती छळते. समोरच्याचं दुःख आपल्याला थांबवता यावं, ही सिस्टरची इच्छा रास्त होती. ते थांबवलंच पाहिजे, ही सक्ती होती. ती पाळता येत नाही म्हटल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो. घाईने धीर देतो किंवा भेटच टाळतो. पाच मिनिटं नसतात याचं निम्मं कारण मला तरी हेच दिसत आलं आहे. सिस्टरनी स्वतःसाठी वाक्य बदललं: "उत्तर असतं तर बरं झालं असतं. ते नाही, तरी मी दोन मिनिटं बसू शकते." शब्द त्यांचेच होते, म्हणून टिकले.

मग सिस्टर काकूंना बेडपासून दूर घेऊन बसल्या. ही बारीक गोष्ट नाही. रुग्णाच्या उशाशी उभं राहून विचारलं की येणारं उत्तर रुग्णाला ऐकवण्यासाठी असतं. बसूनच विचारावं, कारण उभ्या माणसाला सगळे "ठीक आहे" सांगतात. प्रश्नही "कशा आहात?" असा मोघम नको. "रात्री सलग झोप किती मिळते?", "घरी गेल्यावर कशाची सगळ्यात भीती वाटते?" आणि "तुमच्याऐवजी दोन तास कोण बसू शकेल?" एवढे तीन पुरतात. रडू आलं तर गप्प बसायचं. पाणी पुढे करायचीही घाई नको, कारण तोही आवरण्याचा इशारा ठरतो. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत रडू आपोआप ओसरतं. मग एकच वाक्य: "हे अवघडच आहे."

काकूंनी सांगितलेली भीती नळीचीच होती. "मी फीड घालताना ह्यांना ठसका लागला आणि माझ्या हातून काही झालं तर?" धीर देऊन गप्प केलेल्या बाई हे कधीच बोलल्या नसत्या, आणि न शिकताच घरी गेल्या असत्या. आधार देणं आणि कौशल्य शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मानणाऱ्या प्रशिक्षणावर माझा विश्वास नाही.

शिकवतानाही "समजलं का?" हा प्रश्न निरुपयोगी, त्याचं उत्तर नेहमी होच येतं. "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, एकदा करून दाखवता?" असं म्हणावं, म्हणजे परीक्षा आपली होते. काकूंनी करून दाखवलं तेव्हा दोन चुका दिसल्या. उशी एकच असल्यामुळे मान वर झाली होती, पण धड सपाटच होतं. आणि सिरिंजचा दट्ट्या त्या जोराने दाबत होत्या. पाठीपासून वरचा भाग ३० ते ४५ अंश उचललेला हवा, फीडनंतरही अर्धा ते एक तास तसाच. नाकाशी केलेली नळीवरची खूण दर वेळी बघायची. ती सरकली असेल तर काहीही न घालता फोन करायचा. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरायची आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं. शेवटी सांगितलेल्या मापाचं पाणी, नाहीतर नळी तुंबते. ठसका लागला, दम लागला किंवा ओठ निळसर दिसले की फीड लगेच थांबवायचं आणि मदत बोलवायची.

सगळ्यात मोठी चूक मात्र रुग्णालयांची असते: हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या रांगेत शिकवलं जातं. निदान तीन दिवस आधी सुरुवात करावी, एका वेळी एकच काम, आणि शक्यतो घरातल्या दोघांना. दर दोन तासांनी कूस बदलायची असं सांगितलं, तर रात्री ती कोण बदलणार हेही तिथेच ठरवायचं. नाहीतर सूचना एका माणसाची झोप मोडत राहते. कूस बदलताना रुग्णाला हाताने ओढायचं नाही, खालच्या चादरीने वळवायचं, आपले गुडघे वाकवून. काळजीवाहकाची कंबर गेली तर दोन रुग्ण होतात.

काळजीवाहकाचा ताण मोजायला झारिट यांची प्रश्नावली आहे: २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८८. घाईच्या वॉर्डात १२ प्रश्नांची लहान आवृत्ती बरी. पण आकडा लिहून फाइल बंद करायची असेल तर विचारूच नये. आणि काही वाक्यं सिस्टरने एकटीने पेलायची नसतात: "माझ्या हातून यांना मारलं जाईल", "मलाच जगायचं नाही". इथे आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. मग त्या व्यक्तीला एकटं न सोडता त्याच वेळी डॉक्टरांना कळवावं आणि वैद्यकीय समाजसेवकालाही सामील करून घ्यावं.

त्या वॉर्डाच्या ड्यूटी बदलाच्या नोंदीत आता एक रकाना वाढला आहे: घरी काळजी कोण घेणार, त्याला काय करून दाखवता आलं, काय राहिलं. डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांत फोन जातो, आणि त्यात पहिला प्रश्न काकूंच्या झोपेचा असतो, मग नळीचा.