गाळ सांगतो तो पाऊस खरा मानायचा का?

प्रश्न : तळ्याच्या गाळावरून हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडायचा ते सांगतात. तेव्हा मोजायला तर कुणीच नव्हतं. मग हा नुसता अंदाजच नाही का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. माझं काम परागकणांचं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गाळाचा छोटासा नमुना आधी सौम्य आम्लात ठेवतो, त्यात चुना विरघळतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काचही खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची लागतात. मातीचे कण त्यात विरघळून जातात. परागकणाचं कवच मात्र त्यालाही दाद देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाइनचा कण दोन बाजूंच्या हवेच्या पिशव्यांवरून चटकन ओळखू येतो. गवताचा गोल, गुळगुळीत, एकच भोक असलेला. प्रत्येक थरातले असे शेकडो कण मोजायचे आणि झाडं किती, गवत किती, याचं प्रमाण काढायचं. ही टक्केवारीची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडली.

पण पाइनचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. आणि गवत वाढलं ते पाऊस घटल्यामुळे की माणसानं जंगल तोडल्यामुळे, हे परागकण एकटे सांगू शकत नाहीत. म्हणून त्याच थरातला दुसरा साक्षीदार शोधतो : ऑस्ट्राकॉड, तिळाहून लहान शिंपलेधारी जीव. बाहेर वाट नसलेल्या तळ्याचं पाणी आटताना हलका ऑक्सिजन-१६ जास्त उडून जातो, जड ऑक्सिजन-१८ मागे उरतो आणि त्याच पाण्यातून घडलेल्या शिंपल्यात उतरतो. जंगलतोडीशी या रसायनाचा थेट संबंध नाही. दोघंही एकाच खोलीवर कोरडा काळ दाखवत असतील, तर त्याला अंदाज म्हणणं मला पटत नाही.

वय ठरवणं सगळ्यांत नाजूक. जपानच्या सुइगेत्सु तळ्यात ४५ मीटर गाळात सुमारे ७०,००० वर्षांचा काळ साठला आहे. त्यात फिके आणि गडद पातळ थर एकाआड एक दिसतात. वसंतात डायटम (काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं) साचले की फिका, हिवाळ्यातल्या मातीचा गडद. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. त्यात अडकलेल्या झाडांच्या पानांची, कार्बन-१४ वरून (काळानुसार ठरावीक वेगानं घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) काढलेली वयं या थरांशी ताडून पाहिली गेली. पानंच का? चुनखडीच्या भागात पाण्यात मुरलेला जुना कार्बन तळ्यातल्या शंख-शिंपल्यांत शिरतो आणि त्यांचं वय फुगतं. जमिनीवरच्या झाडाचं पान हवेतूनच कार्बन घेतं. तरी कार्बन-१४ ची पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते.

आता तुमचा ‘किती’. आजच्या तळ्यांतले परागकण आणि तिथला आजचा पाऊस यांचं नातं बसवून जुना आकडा काढतात. यात वनस्पतींच्या आवडीनिवडी तेव्हाही आजच्यासारख्याच होत्या, असं धरलेलं असतं. त्यामुळे ‘पाऊस घटला’ या विधानावर मी जितकी ठाम असते, तितकी मिलिमीटरच्या आकड्यावर नसते. सोबत अधिक-उणे दिलेलं नसेल, तर तो आकडा मी वापरतच नाही.