नागपूरजवळच्या जुन्या चर्चचे वय कसे ओळखावे?

नागपूरच्या आसपासच्या लहान गावांतील चर्च केव्हाचे आहे हे इमारतीवरून कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. कोनशिलेवर विसंबू नका. ती पुष्कळदा दुरुस्तीच्या वेळची असते. टोकदार कमानीवरूनही काही ठरत नाही, कारण त्या विसाव्या शतकातही सर्रास बांधल्या गेल्या. भिंतीतल्या दर्जा, म्हणजे विटा-दगडांमधले सांधे, पाहा; त्यात चुना आहे की सिमेंट, यावरून अंदाज येतो. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत आपल्याकडची बांधकामे मुख्यतः चुना-सुरखीतच (चुना आणि विटांची भुकटी) होत असत.

पण आमच्या चर्चमध्ये आता हे पाहायची सोय उरलेली नाही. पश्चिमेच्या भिंतीवर ओल दिसू लागली तेव्हा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने ठेकेदार बोलावला आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइलपेंट मारून घेतला. मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे, आणि जमिनीतून चढणारे पाणी चुन्यातून वाळून जाते पण सिमेंटमागे कोंडते, हे मी बैठकीत सविस्तर सांगितले होते. खजिनदार असलेले माझे थोरले मेहुणे हसून म्हणाले, "भाऊ, तुमचे ज्ञान पुस्तकातले. चुना आता पानालाच लावतात." त्यावर सगळी कमिटी हसली.

दोन पावसाळ्यांनंतर वेदीच्या उजव्या बाजूला गिलाव्याला पोट आले. बोटाच्या पेराने ठोकले तर आवाज पोकळ येई. एक पापुद्रा मी स्वतः काढला, तेव्हा मागच्या विटेला पांढरा लोणा (क्षार) लागला होता आणि ती वीट खारीसारखी चुरत होती. संगमरवरी स्मृतिफलकाखालचा आधारही सुटला होता.

इतिहासासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहाव्यात. मात्र २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या (चर्चसंस्था) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामुळे आधीची कागदपत्रे जुन्या मंडळीच्या नावाने शोधावी लागतात. नागपूरजवळची कामठीची लष्करी छावणी ब्रिटिशांनी वसवलेली, १८२१ ची आहे, हेही लक्षात ठेवा. जवळपासची काही चर्च मिशनऱ्यांनी नव्हे, तर पलटणीसाठी बांधलेली असतात.

सिमेंट सर्वत्रच वाईट, असे माझे म्हणणे नाही. नव्या बांधकामात ते हवेच, आणि चुनासुद्धा नीट मुरवला नाही तर टिकत नाही. मेहुणे मात्र अजूनही सांगतात की पाया खचल्यामुळे गिलावा फुगला. पाया खचला असता तर भिंतीला तिरकी भेग गेली असती. तशी भेग त्यांनी मला एकदाही दाखवलेली नाही.