जुन्या १६१३ ला एसी: आधी केबिन, मग कॉम्प्रेसर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. २००८ची टाटा १६१३, पिंपळगावहून कांदा भरून धुळे-सेंधव्यावरून इंदूरला जाते. वडील ५८ वर्षांचे, अजून स्वतःच स्टिअरिंगवर असतात आणि मे महिन्यात त्यांना केबिनमध्ये बसवत नाही. आडगावला एक जण जुन्या कारमधला एसी काढून दोन दिवसांत बसवून देतो म्हणतोय, तर तो घ्यावा का, असं विचारलंत. एसी जरूर बसवा. कारचा मात्र घेऊ नका. आणि कॉम्प्रेसरला, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर चालून एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाला, हात लावण्याआधी केबिनचं काम उरका.

मी २२ वर्षं याच रस्त्यावर गाड्या चालवल्या आणि स्वतःच्या दोन गाड्यांना एसी बसवून घेतला. पहिल्या गाडीत चांगला किट आणला, गॅस भरला, आणि मालेगावच्या पुढे दुपारी जाळीतून गार वारा येत असताना पाठीवरून घाम वाहत होता. यंत्रात काहीच खोट नव्हती. आपल्या जुन्या केबिन बॉडीवाल्याने बांधलेल्या, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या. इंजिन कव्हर दोन सीटच्या मध्ये, त्याचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. क्लच-ब्रेकच्या दांड्यांची भोकं, स्टिअरिंगच्या दांडीभोवतीची फट, गिअरच्या रबराचा फाटलेला कोन, या सगळ्यांतून इंजिनची गरम हवा सरळ पायावर येते. कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी नळ्यांची जाळी) गार करणार आणि इंजिन पुन्हा तापवणार, मग एसी दिवसभर झुंजूनही हरतो.

फटी शोधायला रात्री केबिनमध्ये बल्ब लावून गाडीखाली झोपा. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा येते. नंतर इंजिन सुरू करून काचा लावा आणि दांड्यांजवळ उदबत्ती धरा, धूर कुठे हलतो ते कळतं. मग हे बसवून घ्या: दांड्यांवरचे नवीन रबर बूट, दाराचे आणि काचेचे बिडिंग, इंजिन कव्हरच्या कडेला उष्णता सोसणारी पट्टी, आणि कव्हरच्या आतून अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीचं आग न पकडणारं अस्तर. थर्मोकोल किंवा गादीचा फोम तिथे कधीही चिकटवू नका, पेटायला वेळ लागत नाही. केबिनच्या छतालाही आतून अस्तर द्या, दिवसभराचं ऊन तिथेच बसतं.

एक गोष्ट जीवावरची आहे, म्हणून वेगळी सांगतो. फटी बुजवण्याआधी मॅनिफोल्डचं (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळीचं) गॅस्केट आणि सायलेन्सरचा पाइप तपासून घ्या. आतापर्यंत केबिन गळकी होती म्हणून धूर बाहेर निघून जात होता. बंद केबिनमध्ये तोच धूर साचला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून एसीत झोपायचं नाही, हे वडिलांना आणि क्लीनरला बजावून ठेवा.

आता कारच्या एसीचं. कार १२ व्होल्टची, तुमची १६१३ २४ व्होल्टची. कारच्या कॉम्प्रेसरच्या क्लचला (कॉम्प्रेसर बेल्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या विजेच्या भागाला) २४ व्होल्ट दिले की त्या क्लचची कॉइल जळते. मग मिस्त्री एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतो. त्याने एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरीला जास्त चार्ज बसतो, आणि काही महिन्यांत दोन्ही हातच्या जातात. शिवाय कारची कूलिंग कॉइल कारच्या डब्यापुरती असते, ट्रकच्या उंच, भल्या मोठ्या काचेच्या केबिनला ती पुरत नाही. २४ व्होल्टचा क्लच, २४ व्होल्टचा ब्लोअर (केबिनमध्ये वारा फेकणारा पंखा), ट्रकसाठी बनवलेला किट घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष ब्रॅकेटवर, म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणाऱ्या आधारावर द्या. सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन न्यूट्रलला कसं थरथरतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर कॉम्प्रेसरचं वजन टांगायचं आहे. माझ्या पहिल्या गाडीत पातळ पट्टीला वेल्डिंग मारून दोन बोल्टवर तो अडकवला होता. राहूड घाटात वेल्ड तुटला, कॉम्प्रेसर लोंबकळला आणि बेल्ट रेडिएटरच्या पंख्यात गेला. संध्याकाळपर्यंत घाटात उभा होतो, माल टोमॅटोचा होता. दुसऱ्या गाडीत जाड प्लेटचा ब्रॅकेट, इंजिन ब्लॉकला चार ठिकाणी धरलेला, आणि ताण देणारी वेगळी पुली घेतली. तो कधी हलला नाही. मिस्त्रीला क्रँकची पुली आणि कॉम्प्रेसरची पुली सरळ पट्टीने एका रेषेत दाखवायला सांगा. तिरका बेल्ट महिनाभरात सुटतो.

कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. सपाटीवर वाऱ्याच्या झोतात फरक जाणवत नाही. बिजासन घाट भरल्या गाडीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मात्र पाण्याचा काटा वर सरकतो. म्हणून आधी रेडिएटर उघडून साफ करून घ्या, फॅन बेल्ट नवा टाका, आणि घाटात काटा नेहमीपेक्षा वर गेला की एसी बंद करायची सवय वडिलांना लावा. कंडेन्सरला स्वतःचा २४ व्होल्टचा पंखा हवाच, नाहीतर टोल नाक्यावर उभं राहिलं की थंडावा संपतो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. कांद्याची टरफलं आणि धूळ तिथेच अडकते.

गॅस म्हणजे आर-१३४ए. तो भरण्याआधी नायट्रोजनने प्रेशर देऊन गळती बघायची, मग निदान अर्धा तास, जमलं तर पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा, कारण आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आतून सगळं खातो. नंतर काट्यावर तोलून, किटवर लिहिलंय तेवढाच गॅस. अंदाजाने भरलेला जास्त गॅस थंडावा वाढवत नाही, प्रेशर वाढवतो. साधारण ३५ अंशांच्या हवेत गेज लावला तर लो साइडला (कमी दाबाच्या नळीला) २५ ते ४० पीएसआय आणि हाय साइडला (जास्त दाबाच्या नळीला) २०० ते २५० च्या आसपास दिसायला हवं. कोणी घरच्या एसीचा आर-२२ किंवा स्वस्त मिश्र गॅस टाकतो म्हणाला तर उठून या. आर-२२ चं प्रेशर फार जास्त असतं, आणि त्या मिश्रणांत एलपीजीसारखे जळणारे वायूही असतात. नळ्या क्रिम्प केलेल्या (मशीनने टोकाला दाबून बसवलेल्या) हव्यात, क्लॅम्पने आवळलेल्या नकोत.

वायरिंगमध्ये वेगळी रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हे दोन मुद्दे पक्के ठेवा. जुन्या गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) ३५-४० अँपिअरचा असला तर ब्लोअर, पंखा आणि रात्रीचे हेडलाइट मिळून तो काठावर येतो, तेव्हा मोठा टाका.

छतावरच्या बॅटरीवाल्या एसीबद्दलही कोणी सुचवेल. तो २४ व्होल्टवर साधारण ३० ते ४० अँपिअर ओढतो. १२० एएचच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तरी अर्ध्यावर येईपर्यंत दीड-दोन तास. एवढ्यात रात्र निघत नाही, आणि सकाळी सेल्फ उचलत नाही. जुन्या अल्टरनेटरवर त्या नादी लागू नका.

डिझेलची काळजी करत असाल तर कॉम्प्रेसर साधारण ३ ते ५ हॉर्सपॉवर खातो, म्हणजे तो चालू असेल त्या तासाला अर्धा ते एक लिटर. केबिन नीट बंद असली की तो थांबून थांबून चालतो, खर्चही कमी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्यांना सक्ती नाही, पण चालवणारा माणूस तोच आहे आणि ऊनही तेच. बसवल्यावर इन्शुरन्समध्ये एसी इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या.

पहिल्या फेरीला वडिलांबरोबर तुम्ही जा. धुळ्यात थांबून ब्रॅकेटचे बोल्ट आणि बेल्टचा ताण हाताने बघा, परत आल्यावर बोल्ट पुन्हा आवळा. कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी फरशीतून खाली सोडलेली आहे ना, हेही बघा. पाणी केबिनमध्ये उतरलं तर वायरिंग कुजतं. काम सुरू करण्याआधी इंजिन कव्हरचा आणि अल्टरनेटरवरच्या प्लेटचा फोटो टाका, किती अँपिअरचा आहे ते पाहून मी सांगतो.