यंत्रमानवाच्या पायाला जमीन कशी कळते?

प्रश्न : 15 जानेवारी 2025 रोजी पुण्यात झालेल्या सैन्यदिनाच्या संचलनात चारपायी यंत्रमानव पाहिले. तिथली जमीन सपाट होती. घसाऱ्यावर, ओल्या कातळावर किंवा उंच गवतातून जाताना असे यंत्र तोल कसे सावरते? ते कॅमेऱ्याच्याच भरवशावर चालते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : केवळ कॅमेऱ्याच्या भरवशावर अशा वाटा पार होत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. जमिनीची खात्रीची खबर यंत्राला पायाकडून मिळते. प्रत्येक सांध्यात कोन मोजणारा एन्कोडर असतो, मोटर किती जोर लावते आहे हे तिच्या विद्युतप्रवाहावरून काढता येते, आणि धडात आयएमयू हा संवेदक असतो, ज्यातील जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर त्वरण.

आयएमयूवर एकट्यावर मात्र फार वेळ विसंबता येत नाही. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना चूक साठत जाते. त्वरणाच्या मापनात दर सेकंदाला सेकंदामागे 1 सेंटिमीटर एवढी बारीक चूक कायम राहिली, तरी मिनिटभरात अंतराचा हिशेब 18 मीटरने चुकतो. इथे टेकलेला पाय कामी येतो. पाय जमिनीवर घट्ट रोवला आहे, म्हणजे त्याचा वेग शून्य आहे, असे धरले की सांध्यांचे कोन कसे बदलतात यावरून धडाचा वेग मिळतो. कालमन फिल्टर ही गणिती पद्धत या दोन्ही हिशेबांना त्यांच्या खात्रीप्रमाणे वजन देऊन त्यांचा मेळ घालते. ओल्या कातळावर पाय सटकला, की ते गृहीतकच कोसळते. म्हणून एका पायाचा हिशेब इतर पायांशी आणि आयएमयूशी जुळेनासा झाला, तर त्या पायाची साक्ष तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते.

स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले, की ‘एनीमल’ हा त्यांचा चारपायी यंत्रमानव केवळ अशा पायाच्या जाणिवेवर चिखल, बर्फ आणि झुडपांतून चालू शकतो. पण न पाहता चालणाऱ्याला पायरी अडखळल्यावरच कळते, त्यामुळे वेग मंदावतो. नजर जोडली तर दुसरी अडचण उभी राहते. उंच गवताचा शेंडा लायडारला, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या संवेदकाला, भरीव जमिनीसारखा भासतो. यंत्र त्या उंचीवर पाय टेकू पाहते, पाय काहीच न अडता खाली जात राहतो आणि धड एका बाजूला कलते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या कामात याच क्षणावर भर होता. संगणकातील आभासी डोंगरांवर यंत्राला शिकवताना उंचीच्या नकाशात मुद्दाम खोट घातली गेली, जेणेकरून नजर आणि पाय यांचे पटले नाही, तर नजरेवरचा विश्वास कमी करून पायाचे ऐकण्याची सवय त्याला लागावी.

या सवयीच्या बळावर एनीमलने झुरिकजवळच्या एट्झेल डोंगरावरील झाडांच्या मुळांची, दगडांची आणि उंच पायऱ्यांची 120 मीटर उंचीची चढण एकदाही न पडता 31 मिनिटांत पार केली. पायी चढणाऱ्या माणसासाठी तिथे 35 मिनिटे धरलेली आहेत.