लोझेरमध्ये माणसं थोडी आहेत, पण जमीन मोकळी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रान्सच्या लोझेर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला जेमतेम १५ माणसं राहतात. तरी तिथं १५२ कम्यून, म्हणजे १५२ ग्रामपंचायती आणि तितकेच मेअर. ही उधळपट्टी नाही का? आणि एवढी जमीन मोकळी पडली आहे, तर तिथं कुणी जाऊन वस्ती का करत नाही?

मी दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात राहतो. गेल्या काही वर्षांत माँ लोझेरच्या उतारावरच्या एका वाडीत बरेच उन्हाळे आणि दोन हिवाळे काढले आहेत. माझं मूळ घर सिंधुदुर्गात, त्यामुळे तुलना आपोआप होते. लोझेरचं क्षेत्रफळ ५,१६७ चौ.कि.मी. आणि सिंधुदुर्गाचं सुमारे ५,२००. म्हणजे दोन्ही जिल्हे जवळपास सारखे. पण २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं होती, लोझेरमध्ये आज सुमारे ७६ हजार आहेत. जिल्ह्याचं ठिकाण मांद, तिथं बाराएक हजार. आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढं.

हा प्रदेश पहिल्यापासून असा ओसाड नव्हता. १८५१ मध्ये इथं एक लाख ४४ हजार माणसं होती. दक्षिणेकडच्या सेव्हेनमध्ये डोंगर कोरून बांध घातलेले, त्यावर चेस्टनट आणि तुती. चेस्टनट हे गरिबाचं रोजचं अन्न आणि रेशमाचे किडे हे रोख पैशाचं साधन. १८५० नंतर किड्यांवर पेब्रीन नावाचा रोग आला. तो शोधायला पाश्चरला १८६५ मध्ये शेजारच्या आलेसला यावं लागलं. पाठोपाठ चेस्टनटची झाडंही रोगानं वाळू लागली. १८७० मध्ये आलेस ते लांगोन रेल्वे झाली आणि त्याच गाडीनं माणसं खाली कोळशाच्या खाणींकडे आणि पॅरिसकडे निघाली. उरलेल्यांतले कितीतरी तरुण पहिल्या महायुद्धात गेले. इथल्या अगदी छोट्या गावातल्या स्मारकावरची नावांची यादी वाचली की पोटात कालवतं. १९९० पर्यंत लोकसंख्या ७३ हजारांच्या खाली आली होती. त्यानंतर घसरण थांबली, थोडी वाढही झाली.

आपल्या चाकरमान्यांसारखे इथलेही लोक पॅरिसला गेले. तिथल्या कॅफेंच्या धंद्यात ओब्राक पठाराच्या आसपासची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गावची घरं बंद असतात आणि ऑगस्टमध्ये उघडतात, आमच्याकडे गणपतीत उघडतात तशीच. जिल्ह्यातलं जवळपास तीनातलं एक घर असं सुट्टीपुरतं आहे.

आता जमिनीकडे येतो, कारण 'मोकळी' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. जवळपास निम्मा जिल्हा जंगल आहे. त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धूप आणि पूर थांबवण्यासाठी मुद्दाम लावलेलं, आणि बाकीचं सोडून दिलेल्या शेतांवर आपोआप वाढलेलं. उरलेली बहुतेक जमीन गवताची. कोस मेजां या चुनखडीच्या पठारावर मेंढ्या चरतात, त्यांचं दूध रोकफोर चीजला जातं. ओब्राक आणि मार्जरीदवर गाई. तुम्हाला जे ओसाड माळरान दिसतं ते चराईमुळेच माळरान राहिलं आहे. चराई बंद झाली की दहा-पंधरा वर्षांत पाइन आणि झुडपं चढतात. युनेस्कोनं २०११ मध्ये कोस आणि सेव्हेनला जागतिक वारसा मानलं, तेही मेंढपाळ आणि शेतकऱ्यांनी घडवलेला प्रदेश म्हणून. १९७० पासून सेव्हेन राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या गाभ्यातसुद्धा माणसं राहतात आणि शेती करतात. घर बांधायचं तर १९८५ चा डोंगराळ प्रदेशाचा कायदा आडवा येतो: नवं बांधकाम साधारणपणे असलेल्या गावाला किंवा वाडीला लागूनच करायचं, माळावर सुटं नाही.

आणि मग 'सेक्सिओं', म्हणजे वाडीच्या सामायिक जमिनीची व्यवस्था. हे समजल्याशिवाय लोझेर समजत नाही. मेरीत, म्हणजे कम्यूनच्या कचेरीत, पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या सेक्रेटरी बाईंनी जमिनीचा नकाशा टेबलावर पसरला. ती कचेरी आठवड्यातून दोनच अर्धे दिवस उघडी असते. वाडीच्या वरच्या एका मोठ्या गवताळ तुकड्यावर बोट ठेवून मी मालक विचारला. त्यांनी रकाना दाखवला. त्यात कुणाचंच नाव नव्हतं, फक्त अमुक वाडीचे रहिवासी, एवढंच. ती जमीन कम्यूनचीही नाही, खाजगीही नाही. ती वाडीची आहे, आणि जिल्ह्यात अशा कितीतरी वाड्या आहेत.

मला लगेच आमचा सातबारा आठवला. आजोबांपासूनच्या वारसांची नावं, त्यातले निम्मे मुंबईत, कुणी परदेशात, आणि एका सहीसाठी वर्षानुवर्षं जमीन पडीक. सेक्सिओंचं तत्त्व नेमकं उलटं आहे. हक्क जन्मानं येत नाही, राहण्यानं येतो. वाडीत ज्याचं खरं, कायमचं घर आहे तो सदस्य. घर बंद करून पॅरिसला गेला की हक्क संपला, परत येऊन राहिला की पुन्हा आला. चराईची जमीन कुणाला द्यायची याचा क्रमही कायद्यात आहे, आणि पहिल्या पसंतीच्या शेतकऱ्याबद्दलची एक अट मला फार आवडते: हिवाळ्यात त्याची जनावरं त्या वाडीतल्याच गोठ्यात असली पाहिजेत. नुसता उन्हाळ्यात येऊन गवत खाणारा मागे राहतो. २०१३ च्या सुधारणेनंतर या जमिनीचं उत्पन्न सदस्यांना रोख वाटता येत नाही, पण चराई आणि जळाऊ लाकूड घेता येतं. जमीन विकायची तर वाडीतल्या मतदारांचं मत घ्यावं लागतं. यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्याही होतात, हे खरं आहे. तरी जमीन राबत राहते.

हे सगळं सांभाळतो कोण? कम्यून. म्हणून ती लहान असणं मला उधळपट्टी वाटत नाही. शंभराच्या आत वस्ती असेल तर सात सदस्यांची परिषद, ती सहा वर्षांसाठी. मेअर लोकांतून थेट निवडला जात नाही, सदस्य आपल्यातून निवडतात. सदस्य बहुतेक बिनपगारी, आणि छोट्या गावच्या मेअरला महिन्याला हजार युरोंच्या आसपास भत्ता. त्या बदल्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी, लग्नं, गावातले रस्ते, शाळा, स्मशान, बांधकामाचे अर्ज आणि पाणी. रस्त्यांचं मोठं जाळं, बर्फ काढणं, अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या शाळा आणि वृद्धांची मदत जिल्हा परिषदेकडे. सरकारचा माणूस म्हणजे प्रेफे, आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या जागी.

पाण्याचं उदाहरण देतो. लोझेरमध्ये बाहेरून एकही नदी येत नाही. तार्न, लॉत, अल्ये सगळ्या इथं उगम पावतात आणि बाहेर जातात. गावोगावी स्वतःचा झरा आणि स्वतःची टाकी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात जानेवारीत नळ गेला. रात्री नऊच्या सुमारास मेअर ट्रॅक्टर घेऊन आले. ते स्वतः गाई पाळतात. फावड्यानं गुडघाभर बर्फ बाजूला केलं, लोखंडी झाकण उचललं आणि लांब दांड्याची किल्ली खाली घालून झडप फिरवली. त्या झडपेची जागा कुठल्याच नकाशावर नव्हती, ती त्यांना वडिलांनी दाखवलेली. २०१५ च्या कायद्यानं पाणीपुरवठा सक्तीनं मोठ्या कम्यून-संघांकडे जाणार होता. डोंगराळ गावांनी दहा वर्षं विरोध केला आणि एप्रिल २०२५ मध्ये ती सक्ती मागे घेतली गेली. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

एकत्रीकरण इथं होतच नाही असं नाही. २०१५ मध्ये १८५ कम्यून होत्या, आज १५२ आहेत. २०१६ मध्ये पाँ-द-माँव्हेर आणि शेजारच्या दोन गावांनी मिळून एक कम्यून केली. आपल्या गट ग्रामपंचायतीच्या जवळची ही गोष्ट, फक्त जुन्या गावाला प्रतिनिधी-मेअर ठेवता येतो. गावांनी स्वतः ठरवलं असेल तर माझी हरकत नाही. पण पैसे वाचतील म्हणून करू नये, कारण बिनपगारी माणसं कमी करून वाचणार काय? खरी अडचण उमेदवार मिळण्याची आहे. मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून लहान कम्यूनमध्येही एक आड एक स्त्री-पुरुष अशी यादी लागते. मला हा नियम योग्य वाटतो, पण चाळीस माणसांच्या गावात यादी भरणं सोपं नाही.

राहता राहिलं वस्ती का करत नाहीत. करतात. सां-आल्बांचं मनोरुग्णालय आणि दिव्यांगांसाठीच्या संस्था इथं कित्येकांना नोकरी देतात, पश्चिमेकडून ए-७५ महामार्ग जातो, सां-शेलीत पोलादाचा कारखाना आहे. आमच्या वाडीत एक तरुण जोडपं वीसेक शेळ्या घेऊन आलं. पहिल्या वर्षी त्यांनी चारा विकत घेतला, पडकं घर दुरुस्त केलं, शेळ्या तिथल्याच गोठ्यात ठेवल्या. बर्फ वितळल्यावर परिषदेची बैठक झाली. त्या रकान्यात नाव नसलेल्या गवताळ तुकड्याचा वरचा भाग, झऱ्यापासून दगडी कुंपणापर्यंत, त्यांना चराईला मिळाला.