कुगावला पहिल्यांदा गळ टाकायला जाताय?
भावा, सोलापूरहून पहाटेच निघ, करमाळ्याकडनं कुगाव गाठ, उजनी धरणाचं बॅकवॉटर गावाला लागूनच आहे. गळाला कणकेची गोळी लाव, चिलापी मासळी पटकन घेते, मरळ माशाला मात्र जिवंत आमिष बरं. कुणाच्या जाळ्याजवळ गळ टाकू नको, त्यांचं पोट त्यावर आहे, आधी विचार. फ्लेमिंगो बघायचे तर हिवाळा सरताना जा, पाणी उतरलं की चिखलात खायला येतात, पण बोट फार जवळ नेऊ नको, उडतात बिचारे. आणि हे नीट ऐक, लाईफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवायचा नाही, मे २०२४ मध्ये इथंच कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा कधी सुटेल नेम नसतो, त्याच्या आत काठाला ये.